मागच्या घराची लाइन

दीक्षाने अकोल्याच्या घरामागच्या मोकळ्या जागेत दोन खोल्या बांधायला काढल्या, तेव्हा गल्लीला वाटलं, तिचे वडील धर्मपालजी आता भाडेकरू ठेवणार. खोल्या दीक्षाच्या स्वतःसाठी होत्या. घटस्फोट झाल्यावर ती अमरावतीला एकटीच राहत होती. सोलरच्या कंपनीतलं डिझाइनचं काम आता घरून करायला मिळणार होतं. आईवडिलांच्या अंगणात राहायचं, पण स्वयंपाकघर आपलं, दार आपलं आणि विजेचं पॅनेलही आपलं, असं तिनं ठरवलं होतं.

अडलं ते या पॅनेलपर्यंतच्या वायरवरच. वीज खात्यात आयुष्यभर खांबांवर चढलेल्या धर्मपालजींनी माळ्यावरून चार स्क्वेअर एमएमच्या वायरचं जुनं बंडल काढून ठेवलं होतं.

"एवढी पुरते. दोन लाइटं, एक पंखा, अन् तुहा कम्प्युटर. जेवाले तं तू इकडंच येशीन."

"बाबा, तिकडं एसी लागनार हाय, गिझर हाय, इंडक्शन हाय. सगळं संग चाललं तं अठ्ठावीस अँपिअर. अन् मीटरपासून चाळीस मीटरचं अंतर. चार एमएममधे बारा व्होल्ट रस्त्यातच जातीन."

"अन् एवढं सगळं कायले पाह्यजे तुले?"

"लावून पाहू," दीक्षा म्हणाली.

दुपारी ऊन मी म्हणत होतं. अमरावतीहून आणलेला तिचा जुना एसी नव्या खोलीच्या भिंतीवर चढला होता. दोघांनी ती वायर अंगणातून उघडीच अंथरली. मीटरपाशी धर्मपालजींनी व्होल्टेज मोजलं, दोनशे सात. "मे महिन्यात दुपारी आपली लाइन एवढीच राह्यते," ते म्हणाले. मग दीक्षाने मागच्या खोलीत गिझर चालू केला, इंडक्शनवर पाण्याचं भगुणं ठेवलं, शेवटी एसीचं बटण दाबलं. कॉम्प्रेसर घुरघुरला, अडखळला, गप्प झाला. दीक्षाच्या हातातल्या मल्टिमीटरवर खोलीतलं व्होल्टेज एकशे ब्याण्णववर आलं.

धर्मपालजींनी सगळं बंद केलं आणि वाकून वायरला हात लावला. वायर चांगली तापली होती. ते तिथंच पायरीवर बसले.

"मले वाटे, तू चार महिने राहशीन. मन रमलं नाई की परत जाशीन. म्हनून म्हनलं, कायले मोठा खर्च."

"मी पाहुनी म्हनून नाई आली बाबा. राहाले आली."

धर्मपालजी उठले आणि मीटरपासून मागच्या भिंतीपर्यंत सरळ चालत गेले, खाली मातीकडे पाहत.

"कोनती केबल घेतं मंग?"

"तांब्याची, दहा एमएमची. तीन कोर."

"जमिनीतूनच न्याची ना? तं आर्मर्ड घे, वरून लोखंडी तारांचं कवच असलेली. तांबं कायले, सोळाचं अ‍ॅल्युमिनियम घे. व्होल्टेज तेवढंच पडते."

दीक्षाने मनातल्या मनात हिशेब केला. बरोबर होतं. "पन अ‍ॅल्युमिनियमचे जॉइंट ढिले पडतात."

"लोक तार नुसती स्क्रूखाली दाबतात म्हनून पडतात. तारेच्या टोकाले चांगले लग, म्हंजे धातूच्या टोप्या, मारून पक्के दाबले तं काई होत नाई. तो जिम्मा माहा." त्यांनी चपलेनं माती उकरली. "अन् ही काळी माती. उन्हाळ्यात फाटते, पावसाळ्यात फुगते. केबल तानून टाकशीन तं वढल्या जाईन. खाली रेती टाक, केबल जरा ढिली ठेव."

हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. "चालते," ती हसून म्हणाली.

वाढीव भाराचा अर्ज तिनं त्याच संध्याकाळी केला. मंजुरी आल्यावर चर खोदला, रेती पसरली, केबल सापासारखी वळणं घेत निजवली. वरून पुन्हा रेती, विटा आणि मग माती. मीटरपाशी ब्रेकर बसवून लग धर्मपालजींनीच दाबले, प्रत्येकाला ओढून पाहिलं. मागच्या पॅनेलमध्ये न्यूट्रल आणि अर्थिंग दीक्षाने वेगवेगळ्या पट्ट्यांवर घेतलं, ते त्यांनी चष्मा लावून तपासलं आणि मान डोलावली.

पुन्हा भर दुपारी सगळं चालू केलं. कॉम्प्रेसर एका दमात लागला. मीटरपाशी दोनशे सात होते, नव्या पॅनेलवर दोनशे एक व्होल्ट.

दीक्षाची आई ललिताबाई उशी घेऊन आली. "मी इथंच झोपतो आता," म्हणाली आणि थंड फरशीवर आडवीही झाली.

धर्मपालजी दारातच उभे होते, चपला काढाव्यात की काय या विचारात.

"या ना बाबा. बसा," दीक्षा म्हणाली. "चहा ठेवतो."

ते आत येऊन खुर्चीवर बसले. "साखर कमी टाकजो," म्हणाले.