एका अणूच्या जाडीची चादर

"हात आहे की हातोडा!" धाकटी स्वतःलाच झापत होती. प्रयोगशाळेत सगळ्यांत शेवटी आली म्हणून ती धाकटी. बोरॉन आणि नायट्रोजनची चादर, जाडी जेमतेम एका अणूची. तिला मुद्दाम बारीकशी चीर पाडायची आणि ओढून बघायचं, किती ताण सोसते ते. पण चीर पाडणारा किरण बंद करायला या धाकट्या बाईसाहेबांना क्षणभर उशीर झाला आणि चीर ठरल्यापेक्षा दुप्पट लांब झाली.

तीही शेवटच्या चादरीवर! बाकीच्या चादरी यंत्रावर चढवतानाच फाटल्या होत्या. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी सकाळीच बजावलं होतं, "आज काही हाती लागलं नाही तर हा विषय बंद. कार्बनच्या चादरीच्या कामाला लाग." या विषयासाठी तिने केवढा हट्ट केला होता!

शेजारच्या टेबलावरचा दादा, तिचा सीनियर, डोकावला. "अगं, चीर जितकी लांब तितकी चादर कमकुवत. पहिल्याच ओढीत खेळ खलास."

"माहितीये रे! जखमेवर मीठ चोळू नकोस."

तिने चादर चढवली, ताण दिला आणि डोळे गच्च मिटले. कार्बनची चादर असती तर एव्हाना काचेसारखी तडकली असती.

"धाकटे, डोळे उघड!"

पडद्यावर चीर पुढे सरकली होती खरी, पण सरळ नाही. ती वळली होती. पुढे तिला दोन फाटे फुटले आणि त्यातला एक जागीच अडला. ताणाचा आकडा मात्र चढतच होता.

"अगंबाई!" धाकटीच्या अंगावर सर्रकन काटा आला.

दादा पुटपुटला, "चिरेच्या एका काठावर बोरॉन, दुसऱ्यावर नायट्रोजन. दोघांवर सारखा ताण येत नसणार. म्हणून चिरेला सरळ धावताच येत नाही."

डोळ्यांना कधी दिसायची नाही अशी ती वस्तू. धाकटीच्या चुकीने जखमी झालेली, आणि तरी हार मानत नव्हती. धाकटीला तिच्यापुढे हात जोडावेसे वाटले.

मॅडम कधी मागे येऊन उभ्या राहिल्या, कळलंच नाही.

"मॅडम, चीर चुकून मोठी झाली. माझ्याच हातून."

मॅडमचं लक्ष पडद्यावरून हलेना. त्यांनी स्टूल पुढे ओढलं आणि तिच्या शेजारी बसल्या.

"अजून ताण दे," त्या हळूच म्हणाल्या. "आणि कार्बनचं काम दुसऱ्या कुणाला तरी देते मी."