डाव्या बाजूची पेटी

संभाजी गेल्याला चौथा महिना लागला होता, तेव्हा दूध संघाचे जनावरांचे डॉक्टर दादासो वर्कशॉपच्या दारात मोटरसायकल लावून उतरले. बारामती संपता संपता, इंदापूर रस्त्याला ही पत्र्याची शेड होती. ट्रॉलीची फाळकी, गोठ्यांची गेटं, पाण्याच्या टाक्यांचे स्टँड, असलं काम तिथं व्हायचं. शेडचा मालक संभाजी. एका सोमवारी दुपारी तो चहाचा कप घेऊन खुर्चीवर बसला, छातीत कळ आली म्हणाला, आणि रिक्षा दवाखान्याच्या फाटकात वळेपर्यंत सगळं संपलं होतं.

तेराव्यानंतर त्याची बायको विजयमाला शेडवर आली ती आबाजींच्या हाती किल्ल्या द्यायला. आबाजी तिथले जुने वेल्डर, साठीच्या घरातले. त्यांनी किल्ल्या घेतल्या आणि विचारलं, वडगावच्या गेटाला सळई कितीची धरायची. संभाजी रोज जेवताना दिवसभराचं काम बोलून दाखवायचा, त्यामुळे तिला ते ठाऊक होतं. तिने सांगितलं. मग त्यांनी दुसरं काही विचारलं, मग तिसरं. तेवढ्यात संध्याकाळ झाली. दुसऱ्या दिवशी सासूबाईंना आणि आठवीतल्या लेकीला, उत्कर्षाला, जेवायला वाढून ती पुन्हा आली, आणि मग येतच राहिली.

गावात दोन्ही बाजूंनी बोललं जायचं. कुणी म्हणे, बाई धीराची आहे. कुणी म्हणे, चार महिने झाले नाहीत आणि शेडवर जाऊन बसते. विजयमालाला दोन्ही सारखंच वाटायचं. दाढ काढायच्या आधी इंजेक्शन देतात आणि गाल आपला असून आपला राहत नाही, तसं तिचं झालं होतं. एकदा नुकती वेल्डिंग केलेली पट्टी तिने उघड्या हाताने उचलून बाजूला ठेवली. तळहातावरचा फोड तिला संध्याकाळी भांडी घासताना दिसला.

दादासो आत आले ते जरा अवघडूनच. संघाचे सहा डॉक्टर रोज गावोगाव फिरायचे. औषधं कॅनव्हासच्या थैल्यांमधून न्यायची, आणि थैल्यांमध्ये कॅल्शियमच्या काचेच्या बाटल्या फुटायच्या, सुया-सिरिंजांवर धूळ बसायची. म्हणून संघाने संभाजीला मोटरसायकलला दोन्ही अंगांना लावायच्या पत्र्याच्या पेट्या करायला सांगितलं होतं. नमुन्याची एक जोडी त्याने केलीही होती. ती शेडच्या कोपऱ्यात पोत्याखाली झाकून ठेवलेली होती. मधल्या काळात संघाचे मॅनेजर आप्पासाहेब पुण्याला गेले आणि तिथून फायबरच्या पेट्यांची एक जोडी घेऊन आले. आता सहाही गाड्यांना कोणत्या लावायच्या हे ठरवायचं होतं.

दादासोंच्या गाडीला एका बाजूला पत्र्याची आणि दुसऱ्या बाजूला फायबरची पेटी लावून महिनाभर फिरायचं, असं आप्पासाहेबांनी सुचवलं होतं.

"बसवून तुमच्याकडंच घ्यावं म्हनलं, वयनी," दादासो म्हणाले. "दुसरीकडं न्हेलं असतं तर बरं दिसलं नसतं."

विजयमालाने पोतं बाजूला केलं. राखाडी रंगाची, झाकणाला लांब बिजागरी आणि पुढे कुलपाची कडी असलेली पेटी तिने उचलून टेबलावर ठेवली. कोपरे संभाजीने ठोकून गोल केले होते, कुणाच्या पोटरीला लागू नयेत म्हणून. फायबरची पेटी तिच्याशेजारी ठेवली. ती काळी होती, एका हाताने सहज उचलली जाई, आणि झाकणाच्या कडेने आतून रबरी पट्टी फिरवलेली होती. तिने समोरच्या भाजीवाल्याकडून काटा मागवला. पत्र्याची पेटी सात किलो भरली, फायबरची चार.

"पत्रा म्हनल्यावर वजन आसायचंच," आबाजी म्हणाले.

बसवायला एक अख्खा दिवस गेला. फायबरच्या पेटीबरोबर आलेले क्लँप जाड पाइपाचे होते, या गाडीच्या बारीक पाइपावर ते नुसते फिरायचे. आबाजींनी अँगलचे दोन सांगाडे केले. विजयमालाने खडूने खुणा केल्या आणि भोकं स्वतःच पाडली, कारण आबाजींची नजर आता बारीक खुणेवर ठरत नव्हती. दोन्ही पेट्या सारख्या उंचीवर याव्यात म्हणून गाडी मधल्या स्टँडवर उभी करून तिने मागून चारचारदा पाहिलं. शेवटी डाव्या अंगाला पत्र्याची, उजव्या अंगाला फायबरची, असं ठरलं. दर शनिवारी दादासोंनी शेडवरून जायचं आणि पेट्या उघडून दाखवायच्या.

पहिल्या शनिवारी पत्र्याच्या पेटीत दोन बाटल्या फुटलेल्या होत्या आणि तळ चिकट झाला होता. फायबरच्या पेटीत एकही नाही. आबाजींचं म्हणणं पडलं की गाडी रस्त्याच्या डाव्या कडेने चालते, खड्डे सगळे तिकडंच, तेव्हा डाव्या पेटीला मार जास्त बसणार. विजयमालाला ते पटलं. तिने पत्र्याच्या पेटीला आतून जुन्या ट्यूबचं रबर चिकटवलं, बाटल्यांसाठी पट्ट्यांचे कप्पे केले, आणि पंधरा दिवसांनी दोन्ही पेट्यांच्या बाजू बदलून दिल्या.

रबराने फरक पडला. तिसऱ्या शनिवारी एकच बाटली फुटली होती. पण आता पेटी सायलेन्सरच्या अंगाला आली होती आणि आतून तापायची. लसीसोबत ठेवलेला बर्फ दुपारपर्यंत पाणी होऊन जायचा, असं दादासोंनी सांगितलं. हाच त्रास आधीचे पंधरा दिवस त्याच बाजूला असलेल्या फायबरच्या पेटीला झाला नव्हता. शिवाय झाकणाच्या फटीतून धूळ आत जायची. विजयमालाने बोट फिरवून पाहिलं, बोट मातकट झालं.

चौथ्या शनिवारी दादासो लंगडत आले. शेळगावजवळ उसाच्या फडातून बाहेर येताना चाक घसरून गाडी दोन्ही अंगांवर लोळली होती. पत्र्याच्या पेटीला वाटीएवढा पोचा आला होता, फायबरच्या पेटीचा कोपरा बोटभर तडकला होता. आबाजींनी पत्र्याच्या पेटीत आतून लाकडाचा ठोकळा धरला आणि पाच मिनिटांत पोचा बाहेर काढला. मग फायबरच्या चिरेवरून नख फिरवत ते म्हणाले की आता हिला पुण्याला पाठवा. त्या दिवशी ते पुष्कळ दिवसांनी खुशीत होते.

निकालासाठी आप्पासाहेबांनी विजयमालाला आणि आबाजींना इंदापूरला संघाच्या कचेरीत बोलावलं. एसटीने दोघं गेली. कचेरीत दादासो आणि आणखी दोन डॉक्टर होते. चहा झाला. आप्पासाहेब माणूस भला. त्यांनी संभाजीचा विषय काढला, त्याने कशी वेळेत कामं दिली ते सांगितलं, आणि म्हणाले की दोन्ही पेट्या कामाला येण्यासारख्या आहेत, पण संभाजीरावांच्या हातचं काम आपल्या गाड्यांवर दिसावं अशी सगळ्यांचीच इच्छा आहे. पुढच्या पेट्या आबाजी त्याच मापाने करतील. विजयमालाताईंची हरकत नसेल तर तसं लिहून टाकू.

आबाजींनी मान डोलावली. सगळ्यांनी विजयमालाकडं पाहिलं.

"पुण्याची घ्या," ती म्हणाली.

आप्पासाहेबांना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"आमची पेटी वाईट न्हाय," ती म्हणाली. "पडली तर ठोकून सरळ हुती. पन ती पडती कितींदा? बाटल्या रोज न्यायच्यात. रबर लावूनबी त्या फुटत्यात, बर्फ ऱ्हात न्हाय, धूळ जाती. मी दर शनवारी उघडून बघितलंय."

दादासोंनी खाली पाहिलं. महिनाभर तेही हेच पाहत होते, पण तिच्यासमोर बोलायची त्यांची छाती झाली नव्हती. शेवटी आप्पासाहेबांनी विचारलं की ताई, नक्की ना. ती व्हय म्हणाली आणि पिशवी उचलून उठली.

परतीच्या एसटीत निमगाव केतकी गेलं, लासुर्णे गेलं. भवानीनगरच्या पुढं कधीतरी आबाजींनी विषय काढला.

"मालकांनी लई जीव लावून केली हुती."

"ठाव हाय मला."

"मग?"

"त्यांनीच उघडून बघितलं असतं, तर त्यांनी बी ह्येच सांगितलं असतं, आबाजी."

ते खरं होतं की नव्हतं, हे तिला सांगता आलं नसतं. संभाजी असता तर कदाचित त्याने पेटीला आणखी काहीतरी करून पाहिलं असतं, हट्टाने. खिडकीतून एकामागून एक उसाचे फड जात होते. तिला वाटलं, आता आपल्याला वाईट वाटायला पाहिजे. तिने थोडा वेळ वाट पाहिली. काही आलं नाही. बारामतीचा स्टँड आला, तेव्हा ती उतरली.

महिन्याभराने फायबरच्या पेट्या आल्या, आणि त्या बसवायचं काम संघाने तिच्याकडेच दिलं. सांगाडे इथंच करावे लागणार होते आणि गाड्याही इथल्याच होत्या. पहिली गाडी दादासोंची. या खेपेला ते एकटे आले नव्हते. त्यांची बायको मनिषाही आली होती, पण गाडीवरून नाही, एसटीने. ती पदर सारखा करीत बराच वेळ दाराशी उभी राहिली. मग विजयमालाला बाजूला घेऊन म्हणाली, "वयनी, एक सांगू का? पेट्या लावल्या आन् माझी जागाच गेली."

ती काय म्हणते ते आबाजींना कळलं नाही. विजयमालाला ऐकताक्षणी कळलं. लुगडं नाहीतर साडी नेसलेली बाई गाडीवर मागे एका अंगाला बसते, दोन्ही पाय डावीकडे सोडून. त्या डाव्या अंगालाच पेटी आली होती. महिनाभर मनिषा डाळजला आजारी आईकडे दोन गाड्या बदलून जात होती. सहा डॉक्टर, संघाचे मॅनेजर, संभाजी, आबाजी, एवढ्या लोकांनी पेट्या पाहिल्या, उचलल्या, तोलल्या, पण ही गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नव्हती. तिच्या स्वतःच्याही नाही. ती पंधरा वर्षं संभाजीच्या मागे तशीच बसली होती.

"उजवीकडचीच लावू मग," दादासो म्हणाले.

"एकाच अंगाला वजन आलं तर गाडी वडती," आबाजी म्हणाले.

विजयमालाने मनिषाला गाडीवर बसायला सांगितलं. गाडी मधल्या स्टँडवरच होती. मनिषा लाजत चढली. विजयमालाने खाली बसून टेप लावला, बैठकीपासून टाचेपर्यंत, टाचेपासून चाकापर्यंत, आणि मापं खडूने फरशीवर लिहिली. मग तिने आबाजींना सांगितलं की उजवा सांगाडा पक्का राहू दे, डावा दोन तुकड्यांत करायचा. गाडीला कायमची एक पट्टी, पाय ठेवायच्या जागेच्या वर, साडीला लागणार नाही अशी आतल्या अंगाला. पेटीच्या पाठीला दोन आकडे आणि खाली एक खिट्टी. डॉक्टर कामावर निघाले की पेटी अडकवायची. बायकोला न्यायचं असलं की खिट्टी काढून डावी पेटी घरी ठेवायची आणि उजवी रिकामी करायची, म्हणजे गाडी ओढणार नाही.

"आकडा निसटंल खड्ड्यात," आबाजी म्हणाले.

"म्हनून खिट्टी. आन् आकडा खालच्या अंगाला वळवायचा."

आबाजींनी थोडा विचार केला आणि अँगलचा तुकडा शोधायला गेले. तिने सांगितलेलं त्यांनी आणखी वाद न घालता केलं, असं ते पहिल्यांदाच झालं.

तीन दिवस लागले. पहिला आकडा खरंच निसटला. दुसरा ठीक बसला, पण खिट्टी काढायला पक्कड लागायची, म्हणून तिला वाकवून बोट घालता येईल असं कडं केलं. तिसऱ्या दिवशी दुपारी पट्टी गाडीला लागली. दादासो दुसऱ्या दिवशी सकाळी न्यायला येणार होते. मनिषा येणार नव्हती, पण ती उद्या या गाडीवर बसणार होती, तेव्हा बसून पाहणं भाग होतं.

आबाजींनी हँडल धरलं. विजयमालाने पदर कमरेला खोचला आणि चढली. पाय डावीकडे सोडले, टाच फूटरेस्टवर टेकवली, मांडी जराशी वळवून घेतली. अंगाला ते सगळं पाठ होतं. उजवा हात आपसूक पुढं गेला, समोरच्या खांद्यावर ठेवायला. समोर मोकळी बैठक होती, त्यापलीकडे टाकी, आणि हँडल धरून उभे असलेले आबाजी. आबाजींनी ते पाहिलं आणि शेडच्या पत्र्याकडे बघत राहिले. तिने हात मागं घेतला आणि कॅरिअरची कडी धरली.

ती बरीच मिनिटं तशीच बसून राहिली. रस्त्यावरून कारखान्याकडे उसाचा ट्रॅक्टर गेला, त्याच्या मागून आणखी एक. आबाजींनी हँडल सोडलं नाही.

"पोटरीला लागती का?" अखेर त्यांनी विचारलं.

तिने पाय पुढंमागं करून पाहिला.

"लागती जराशी. अर्धा इंच आत घ्या," ती म्हणाली, आणि उतरून तिने पाना हातात घेतला.

त्या आठवड्यात दादासोंची आणि आणखी एका डॉक्टरची गाडी गेली. बाकीच्या चार पुढच्या आठवड्यात झाल्या.