डावीकडची चौकट

मित्रांनो, मी एक जुनी चौकट आहे. लाकडाची नव्हे, कम्प्युटरच्या पडद्यावरची. मला माऊसने धरून पडद्याच्या हव्या त्या कडेला चिकटवता येतं. माझ्यासारख्या चौकटींचा एक संच एका तरुण प्रोग्रामरने तयार केला. त्याची आई छापखान्यात पुस्तकांची पानं लावायची. आपल्या कम्प्युटरवर मुलाचाच संच चालतो, हे ती येईल त्याला सांगायची. छापखान्यात सगळे तिला मावशी म्हणत, म्हणून मीही मावशीच म्हणते.

माझ्याकडे दुरुस्त्यांची यादी असायची. वाचताना सापडलेली प्रत्येक चूक मावशी माझ्यात लिहून ठेवत आणि पान छपाईला देण्याआधी एकेक सुधारून खूण करत. "मावशींच्या हातून गेलेलं पान पुन्हा बघावं लागत नाही," असं मालक म्हणाले, की माझ्या अंगावर उगाचच मूठभर मांस चढायचं.

मग एका वर्षी मावशींनी मला उजवीकडून उचलून डावीकडे बसवलं. हळूहळू बाकीच्या चौकटीही आल्या. डावीकडे ही दाटी आणि उजवा अर्धा पडदा ओस!

"मावशी, तिकडची जागा भाड्याने द्यायची आहे का?" शेजारचा चित्रकार चिडवायचा.

"तुला देते, पण तुझा पसारा नको," त्या म्हणायच्या.

मला मात्र हसू येत नसे. माऊसचा बाण उजवीकडे गेला, की त्या त्याला शोधत बसायच्या. त्यांना त्या बाजूचं दिसेनासं झालं होतं. कळलं तर काम जाईल, म्हणून त्यांनी कुणापाशी हूं की चूं केलं नाही, मुलापाशीसुद्धा.

अशात मुलाने संचात नव्या सोयी आणल्या. चौकटी आपोआप नीट मांडल्या जाणार आणि वापरात नसल्या, की घडी होऊन कडेला जाणार. एका सकाळी मी जागी झाले, ती उजव्या कडेला, बोटभर पट्टी होऊन. तेवढ्यात त्याचा फोन आला.

"आई, कशा वाटल्या सोयी?"

"छान आहेत रे. पडदा कसा मोकळा मोकळा झाला!"

फोन ठेवला आणि त्या मला शोधू लागल्या. मी तिथेच होते हो! पण हाक मारायला मला तोंड कुठे? यादी पुसली गेली असंच त्यांना वाटलं. कुणाला विचारावं, तर डोळ्यांचं बिंग फुटणार आणि मुलाच्या कामाला नाव ठेवल्यासारखं होणार. गणिताच्या पुस्तकातली उत्तरांची पानं त्याच दिवशी द्यायची होती. आठवून आठवून त्यांनी चुका सुधारल्या. पाच राहिल्या.

पुस्तक शाळांत गेलं आणि मुलांची बरोबर गणितं चूक ठरू लागली. मालकांनी विचारलं, तेव्हा मावशी एवढंच म्हणाल्या, "माझ्या लक्षातून गेलं." मालक रागावले नाहीत. "आता घरी आराम करा," असं हळूच म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं.

चार दिवसांनी त्यांचं सामान न्यायला मुलगा आला. सहज त्या खुर्चीत बसला, माऊस कडेला नेला आणि मी उलगडले. सगळ्या चुका माझ्यात जशाच्या तशा होत्या. त्याचा चेहरा उतरला. त्याने आईची जुनी मांडणी उघडून पाहिली. बराच वेळ तो त्या ओस पडलेल्या उजव्या बाजूकडे बघत राहिला. मग त्याने फोन लावला.

"आई, तुला उजवीकडचं दिसत नाही का?"

पलीकडून मावशींचा आवाज आला.

"तू इतक्या हौसेने केलं होतंस रे. कसं सांगू तुला?"

तो तिथेच, सगळ्यांसमोर रडला. माझाही जीव तुटला.

मित्रांनो, कुणी एखादी वस्तू तुम्हाला विचित्र वाटेल अशा जागी ठेवली असेल, तर ती आवरण्याआधी त्या माणसाला विचारा. त्याने हसून "छान" म्हटलं, तरी पुन्हा एकदा विचारा. आता मुलाने आणखी एक सोय केली आहे. माणूस ठेवेल तिथेच चौकट राहते. त्याने मला स्वतःच्या हाताने डावीकडे बसवलं. तिथून मला आता कुणी हलवत नाही. समोरच्या खुर्चीत कुणी बसतही नाही.