ज्युरीचं बोलावणं

न्यायालयाचा लिफाफा आला आणि डेल व्हासेकच्या कपाळाला आठ्या पडल्या. ज्युरीत, म्हणजे खटल्याचा निकाल देणाऱ्या बारा नागरिकांत, बसायचं म्हणजे ऐन मक्याच्या कापणीत आठवडाभराचा खोळंबा! साऱ्या नेब्रास्कात याच दिवसांत कुणाला उसंत नसते, आणि नेमका हाच मुहूर्त!

"मार्ला, तुझी भाषा चांगली आहे. लिहून टाक, आजी अंथरुणाला खिळलीय, बघायला दुसरं कोणी नाही."

"डॅड, आजी आत्ता जड चेंडूंचं बोलिंग खेळायला गेलीय!"

"मग जज्ज येणार आहे का घरी बघायला? सगळेच लिहितात. लिही मुकाट्यानं."

मार्लाने लिहिलं. शाळेत जाताना टपालात टाकायचं म्हणून दप्तरात ठेवलं, पण पेटीपाशी हात काही उचलेना. वर्गातही तिचं लक्ष लागेना. परीक्षा तोंडावर आलेली, आणि नागरिकशास्त्राच्या तासाला ऑकली मॅडमनी नेमकं तिलाच उठवलं. तिने अमेरिकेच्या राज्यघटनेची सहावी दुरुस्ती घडाघडा म्हटली: आरोपीला निःपक्षपाती ज्युरीसमोर, विनाविलंब खटल्याचा हक्क.

"पोपटपंची झकास! पण ही ज्युरी येते कुठून?"

मग मॅडम स्वतःच सांगू लागल्या.

"माझ्या भावावर आग लावल्याचा आळ आला होता. ज्युरीतले अकरा जण दोषी म्हणून मोकळे झाले. एक बसचालक बाई अडून बसली, 'पुराव्यातला तो फोटो पुन्हा बघू या.' तीन दिवस वाद चालला, एकेकाचं मत फिरलं, भाऊ सुटला. न येण्याची कारणं तिच्याकडेही असतीलच की! ती आलीच नसती तर?"

संध्याकाळी मार्लाने पत्र वडिलांच्या ताटाशेजारी ठेवलं.

"मी हे टाकणार नाही."

"शाळेत पाठवतो ते उलटून बोलायला?"

"उद्या तुझ्यावरच आळ आला, तर ज्युरीच्या बाकावर कोण हवं तुला? ज्यांना कामधंदा नाही तेवढेच?" तिने पत्र त्याच्याकडे सरकवलं. "आणि डॅड, हट्टी तर तू आहेसच. तिथे तसाच माणूस लागतो!"

डेलचा घास हातातच राहिला. आपल्या जागी रिकामी खुर्ची त्याला दिसू लागली, आणि समोर उभा कुणी घाबरलेला माणूस. मग त्याने पत्र फाडलं आणि कापणीसाठी शेजाऱ्याला फोन लावला.

सोमवारी डेल न्यायालयात गेला.

मित्रहो, हक्क पुस्तकात लिहिलेले असतात. ते खरे ठरतात ते कुणीतरी आपलं काम टाकून अनोळखी माणसासाठी जाऊन बसतं म्हणून!