दूध, झोप आणि पोट

आमच्या बालआरोग्य केंद्रात मला सगळे ‘काटावाली सिस्टर’ म्हणतात, कारण बाळांच्या वजनाचा काटा माझ्या ताब्यात असतो. एकोणीस वर्षं झाली. बाळ काट्यावर ठेवलं की मी आईला तीनच प्रश्न विचारते: दूध पितं का, झोपतं का, पोट साफ होतं का? तिन्हींना ‘हो’ आलं की कार्डावर खूण आणि पुढचं बाळ. दिवसाला चाळीस बाळं असतात. गप्पा मारत बसले तर रांग जिन्यापर्यंत जाईल.

तोंडाने मी फटकळ, हे मान्य. परवाच एक नवी आई कौतुकाने सांगत होती, “सिस्टर, आमचं बाळ इतकं गुणाचं, दिवसदिवस रडत नाही.”

मी तिला तिथेच झापलं. “रडणाऱ्या बाळाची कसली काळजी करतेस? जे गप्प पडून राहतं त्याची कर. जा, आधी डॉक्टरांना दाखव.”

ती बिचारी एवढंसं तोंड करून गेली. डॉक्टरांनी बाळाला दोन दिवस ठेवून घेतलं. म्हणजे माझंच बरोबर होतं.

घरी मी आणि माझी पंधरा वर्षांची लेक, दोघीच. तिच्या बाबांना वारून तीन वर्षं झाली. लोक विचारायचे, वयात आलेली मुलगी, डोक्याला ताप देत असेल? मी म्हणायची, छे, गरीब गाय आहे अगदी. उलटून एक शब्द नाही.

या वर्षी आमच्या गळ्यात नवं काम पडलं: मोठ्या मुलांची तब्येत. शाळाशाळांतून बिननावाचे फॉर्म येतात. नाव नसतं म्हणूनच मुलं खरं लिहितात, तेव्हा कोणी काय लिहिलं याचा माग काढायचा नाही, असं आम्हाला बजावलेलं आहे. काळजीचं काही दिसलं की लाल खूण करायची. मग समुपदेशक बाई त्या वर्गावर जातात. मंगळवारी दुपारी बाळं आटोपल्यावर मी गठ्ठा घेऊन बसले.

एका फॉर्मवर झोपेपुढे लिहिलं होतं, ‘महिनाभर नीट नाही. पहाटे डोळा लागतो.’ मनातलं कोणाशी बोलता? ‘कोणाशीच नाही.’

मी चरफडले. कसली ही आई! घरात पोर जागं आहे आणि हिला पत्ता नाही! लाल खूण केली आणि खालचं वाचलं. घरचे विचारपूस करतात का?

‘हो. आई रोज दारात उभी राहून तीन प्रश्न विचारते. जेवलीस का, झोप झाली का, पोट साफ झालं का. मी तीनदा हो म्हणते. मग ती जाते.’

मी ते पुन्हा वाचलं. पंधरा वर्षांच्या मुलीला रोज पोट साफ झालं का म्हणून विचारणारी बाई या शहरात दुसरी नसणार. अक्षरही माझ्या लेकीचंच होतं. ते ओळखायला मला इतका वेळ लागला, याची फार लाज वाटली.

खोलीत कोणी नव्हतं, आणि असतं तरी मी काय सांगणार होते? त्या ‘कोणाशीच नाही’कडे बघत राहिले. तो रकाना मला भरायला दिला असता तर मीही तेच लिहिलं असतं.

फॉर्म मी गठ्ठ्यात परत ठेवला. मी वाचलंय हे तिला कळलं असतं, तर तिने पुन्हा कधी कुठे खरं लिहिलं नसतं.

संध्याकाळी लवकर घरी गेले. ती टेबलाशी वही घेऊन बसली होती. सवयीने दारात उभी राहिले, ‘जेवलीस का’ ओठांवर आलं आणि गिळलं. एकोणीस वर्षांत चौथा प्रश्न कधी लागलाच नव्हता.

“हो, हो, हो,” ती मान वर न करता म्हणाली.

“मी कुठे काय विचारलं?” मी तिच्या पलंगाच्या कडेला टेकले. “रोज मीच विचारते. आज तू विचार.”

“मी काय विचारू?”

“काहीही.”

तिने वहीचं पान दुमडलं. मग अगदी माझ्या ठसक्यात म्हणाली, “जेवलीस का?”

“हो.”

“पोट साफ झालं का?”

“गप गं, आगाऊ कुठली.”

ती किंचित हसली. मग नक्कल थांबवून तिने विचारलं, “झोप लागते का तुला?”

‘हो’ अगदी तयार होतं. पण ते खोटं होतं. तिचे बाबा गेल्यापासून मी भिंतीकडे तोंड करून नुसती पडून असते. पलंग करकरतो, तिला कळेल, म्हणून कूससुद्धा बदलत नाही.

“नाही,” मी म्हणाले. “तीन वर्षं झाली.”

तिने मान वर केली. “तुझ्या खोलीतून काहीच आवाज येत नाही, आई. मला वाटायचं, तू झोपतेस. मी एकटीच जागी असते.”

आणि ती रडायला लागली, तान्ही असताना रडायची तशी, घर डोक्यावर घेऊन. मी तिला पोटाशी धरलं, आणि गप्प केलं नाही.