चौकोनाचा अष्टकोन करणारी पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पट्टी आहे. दिसायला अगदी साधी. वीतभर लांबी, खाली दोन टोकांना दोन खुंट्या आणि मधे दोन भोकं. त्या भोकांत पेन्सिलीचे तुकडे घट्ट बसवलेले. मला पाहून लोक विचारतात, हा कशाचा तुकडा?

मला एका सुतारकाकांनी घडवलं. चौकोनी दांड्याचा अष्टकोनी दांडा करायचा, तर चारही कोपरे सारखे तासावे लागतात. काका ते नजरेच्या अंदाजाने करायचे. एकदा जिन्याच्या खांबांत अंदाज चुकला. चार बाजू रुंद झाल्या, चार अरुंद, आणि सगळे खांब वाया गेले. काका जेवलेसुद्धा नाहीत. त्यांनी एका फळीवर मोठा चौकोन काढला. कंपासाचं टोक कोपऱ्यावर ठेवून तो चौकोनाच्या मध्यापर्यंत उघडला आणि तेवढ्याच मापाच्या कमानी चारही कोपऱ्यांवरून फिरवल्या. कमानींनी बाजूंना जिथे छेदलं, त्या खुणा जोडल्या. आत नेटका अष्टकोन उमटला. मग चौकोनाच्या एका बाजूचं माप त्यांनी तिच्यावरच्या दोन खुणांसकट माझ्यावर उतरवलं. बाजूच्या दोन टोकांशी खुंट्या बसवल्या आणि दोन खुणांवर पेन्सिली.

तेव्हापासून मोजामोज संपली. मला दांड्यावर ठेवायचं, दोन्ही खुंट्या दोन्ही कडांना टेकेपर्यंत तिरकं करायचं आणि ओढत न्यायचं. मी दोन रेघा मारत जाते. चारही बाजूंवर रेघा मारून कोपरे तेवढेच तासले, की झाला अष्टकोन. दांडा पुढे निमुळता होत गेला, तर मी आणखी तिरकी होते. काका येणाऱ्याजाणाऱ्याला माझं कौतुक सांगायचे. काकू हसून म्हणायच्या, आमच्या घरात या पट्टीचा मान माझ्यापेक्षा मोठा आहे. किती छान दिवस होते ते!

मग काकांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात आणि पाय लुळे पडले. त्यांच्या सुतारकामाच्या कारखान्याला कुलूप लागलं. चालताना टेकायला कोणीतरी लोखंडी काठी आणून दिली, पण काका तिला हात लावेनात. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. बोलणंही जवळजवळ थांबलं.

काकूंनी कधी रंधा धरला नव्हता. तरी एके दिवशी त्यांनी कुलूप उघडलं, काठीसाठी एक चौकोनी दांडा निवडला आणि मला घेऊन काकांच्या खाटेशेजारी येऊन बसल्या. त्यांनी मला सरळ धरलं आणि रेघा भलतीकडेच गेल्या. पुन्हा धरलं, पुन्हा तेच. काकांनी हळूच मान वळवली.

"तिरकी धर," ते म्हणाले.

"किती तिरकी?"

"तिलाच विचार. कडांना टेकली की ती आपणच थांबते."

मित्रांनो, त्यांचा तो अडखळता आवाज ऐकून मला काय वाटलं, ते मला सांगता येणार नाही. कोपरे तासताना काकूंच्या तळहाताला फोड आले, पण काठी आठ बाजूंची झाली. त्या कडा घासून ती गोल करायला निघाल्या, तेव्हा काकांनी डाव्या हाताने ती चाचपली.

"राहू दे अशीच. गोल काठी मुठीत फिरते. ही नाही फिरणार."

काही दिवसांनी ते तीच काठी टेकत कारखान्याच्या दारापर्यंत गेले. पुढे दोघांनी मिळून कितीतरी काठ्या केल्या. काका बसून चुका काढायचे आणि काकू त्यांना जरा गप्प बसायला सांगायच्या. त्यांचं ते भांडण ऐकत काम करताना मी कधी थकले नाही.

काका गेल्यावर काकूंचं मन कारखान्यात रमेना. कोणीतरी मला खिडकीला टेकू म्हणून लावलं. वाऱ्याने खिडकी आपटली आणि माझी एक खुंटी मोडली. धुळीत पडून राहिले. मग काकूंची लेक माहेरी आली आणि तिने कारखाना आवरायला काढला. मी जळणाच्या ढिगात जाऊन पडले. काकूंनी मला तिथून उचललं.

"आई, अगं, ती मोडलीये," लेक म्हणाली.

"खुंटी मोडलीये. पट्टी नाही मोडली."

लेकीने मला हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. मग तिने एक काडी तासून नवी खुंटी बसवली. आता ती स्टुलांचे पाय करते आणि रेघा मी मारते.

मित्रांनो, जुनी वस्तू फेकायला निघालात, तर आधी ती एकदा हातात घ्या. तिचं नेमकं काय मोडलंय, तेवढं पाहा.