गिधाडमाथ्यावरचं ढेकूळ

यावलच्या वर, सातपुड्याच्या पहिल्याच चढावर गिधाडमाथा आहे. तिथून केळीच्या बागा दिसतात, त्यांच्यापलीकडे तापी दिसते, आणि हवा स्वच्छ असली तर फैजपुरात कोण कोणाशी भांडतंय तेही दिसतं. रविवारी जळगावची माणसं हे बघायला चढतात आणि वर पोचली की चहा मागतात. त्या चहाच्या टपरीपायी लोटन आणि धाकटा सुकलाल हे सख्खे भाऊ एकमेकांच्या जिवावर उठले. माथा बापाचा, वाटणी झालेली नाही.

गावचे पंच जामसिंग आबा यांनी जुना निवाडा काढला. थोरल्या घराने मातीचं ढेकूळ डोक्यावर घेऊन नाल्यापासून चढायचं. ढेकळाला हात लावायचा नाही. ते फुटेल तिथे थोरल्याची हद्द संपली, वरचं सगळं धाकट्याचं. ढेकूळ धाकट्याने निवडायचं. त्याने सोबत चालायचं, हात पाठीमागे, तोंड मोकळं.

लोटनच्या मानेला पट्टा होता, म्हणून त्याची बायको मोगराबाई पुढे आली. सुकलाल खूश झाला. ही बाई वीस वर्षं नाल्यावरून दोन-दोन हंडे आणते, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. त्याने वारुळाचं ढेकूळ आणलं. शिंक आली तरी विरघळावं, असलं.

"वहिनी, मान जपा. नवऱ्याची गेलीच शे."

"तुमची जीभ जपा, भाऊजी. घरात तेवढीच कमावती शे."

ऊन असं की आबांनी नाल्याकाठी चिलीम वर धरली आणि ती आपोआप पेटली. आबा अजून शपथेवर सांगतात.

पहिल्या वळणावर सुकलाल ओरडला, "वहिनी, मागे बघा, तुमच्या खळ्यात आग लागली." मोगराबाईची मान हलली नाही. दुसऱ्या वळणावर म्हणाला, तापीला पूर आलाय, केळीचे घड वाहून चाललेत. ऐन मे महिन्यात. तिसऱ्या वळणावर त्याने तिच्या माहेरच्या चार माणसांना मारलं, पाचव्याला पोलिसांनी नेलं.

"त्या पाचव्याला जामीन द्या," मोगराबाई म्हणाली. तिच्या कपाळावरून माती ओघळून डोळ्यात जात होती. पापणी मिटली तरी ढेकूळ हलेल, म्हणून ती डोळा उघडाच ठेवून चालत होती. उताराच्या कडेने आख्खं खोरं पसरलं होतं, पण तिला फक्त समोरची वाट आणि दिराचं तोंड दिसत होतं.

तेही तो मुद्दाम दाखवत होता. तिच्या पुढ्यात येऊन उलट्या पावलांनी चढायचा, जीभ काढायचा, खोटी शिंक द्यायचा. माथा दहा पावलांवर आला तसा तो घाबरला. वाट डावीकडे वळत होती आणि तो सरळ मागे मागे चालला होता.

"भाऊजी, मागे कडा शे," मोगराबाई म्हणाली.

आपलीच थाप ही आपल्यावर उलटवतेय, असं वाटून सुकलाल हसला. "मनं औषध मालेच पाजतेस का?"

"खरं सांगते. थांबा."

"तुझ्या नवऱ्याला थांबव," म्हणाला, आणि आणखी एक पाऊल मागे टाकून दिसेनासा झाला.

खालून काटे मोडल्याचा आवाज आला. मोगराबाई उभी राहिली. वाकून बघावं तर ढेकूळ पडणार. तिने कान दिला. आधी तिच्या नावाने शिवी आली, मग लोटनच्या, मग आबांच्या. इतक्या शिव्या देणारा माणूस मेलेला नाही, एवढं तिला कळलं. ती दहा पावलं चालली, गुडघ्यावर बसली आणि ढेकूळ आख्खंच्या आख्खं माथ्यावर उतरवलं.

मग कड्याशी आली. सुकलाल दोन पुरुष खोल करवंदीच्या जाळीत अडकला होता, सदरा वरच्या फांदीला, धोतर खालच्या.

"दोर मागवते," ती म्हणाली.

"दोर नको. आधी ऐक. मी पडलो तेव्हा ढेकूळ तुझ्या डोक्यावरच होतं. म्हणजे निवाडा झाला नव्हता. मी जिथं पडलो ती मनी हद्द शे."

आबा आणि गाव धापा टाकत वर पोचलं होतं. सगळ्यांनी मोगराबाईकडे पाहिलं.

"बरोबर बोलतात भाऊजी," ती म्हणाली. "ती जाळी त्यांच्या नावावर करा, आबा. काट्यांसकट."

आबांनी केली. आता वर मोगराबाईच्या टपरीत जळगावकर चहा पितात, आणि खाली करवंदं पिकली की सुकलाल काठी घेऊन जाळीपाशी बसतो. तो एक करवंद कोणाला तोडू देत नाही.